समुद्राकडे पाठ करून

यंदा ऑगस्टात मी समुद्रावर गेलो नाही. पुढल्या वर्षीही जाणार नाही. समुद्र स्वतः सारागोसापर्यंत आला, आमचे तीन जिने चढला आणि "एवारिस्तो, झालं गेलं विसरून जा" म्हणत दारात उभा राहिला, तरी मी साखळीसुद्धा काढणार नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या नात्यागोत्यात सध्या या सुट्टीची निराळीच हकीकत फिरते आहे आणि ती माझ्या मेहुण्याने सोडलेली आहे.

समुद्राने माझं काही वाकडं केलेलं नाही. माझं वैर आहे ते छत्रीशी. माझा मेहुणा, म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ वेन्सेस्लाओ, याचा किनाऱ्यावर फ्लॅट आहे. दर ऑगस्टात मी आणि आसुन त्याच्याकडे जायचो. फुकट. फुकट म्हणजे काय, तर दिवाणखान्यातला सोफा पसरून त्यावर झोपायचं आणि त्याच्या मधोमध असलेली लोखंडी दांडी आपल्याला अजिबात टोचली नाही असं सकाळी हसून सांगायचं. पण दांडीबद्दलही माझी तक्रार नव्हती. खरा छळ पहाटे सुरू व्हायचा. पाण्यालगतची जागा हवी असेल तर उजाडायच्या आत तिथे छत्री रोवून यावं लागतं. उशीर झाला की आइस्क्रीमच्या टपरीमागे बसून लोकांच्या पाठी बघत बसायचं. हे छत्री रोवण्याचं काम घरातल्या ज्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात पडतं. पहाटे आमच्या किनाऱ्यावर जाऊन बघा. देशभरातले जावई आणि मेहुणे काखेत छत्र्या मारून, एकमेकांची नजर चुकवत, वाळूत खड्डे खणत असतात.

मग बाराच्या सुमाराला वेन्सेस्लाओ भरपेट नाश्ता करून खाली यायचा, त्या छत्रीखाली पाय पसरायचा आणि म्हणायचा, "दाजी, आज जरा डावीकडे गेली हो छत्री."

वर्षानुवर्षं मी ती दुसऱ्या दिवशी उजवीकडे रोवली.

गेल्या नाताळाच्या जेवणाला त्याने सगळ्या गोतावळ्यासमोर माझ्या हातात एक लांबलचक भेट ठेवली. चकचकीत कागद, वर लाल फीत. आत नवी छत्री होती, आधीच्यापेक्षा मोठी. "तुमच्यासाठीच घेतली, दाजी! जुनीचा दांडा तुम्हाला बोचत असेल." सगळे हसले. मी हातातली कोळंबी ताटात ठेवली आणि म्हणालो, "वेन्सेस्लाओ, मी यापुढे छत्री रोवणार नाही. येत्या ऑगस्टात आम्ही समुद्र नसलेल्या गावी जाणार आहोत."

"समुद्र नसलेल्या गावी ऑगस्टात करतात काय?"

"बसतात," मी म्हणालो.

आता हे उत्तर मी का दिलं, मलाही ठाऊक नाही. पण एकदा तोंडातून गेलं. वेन्सेस्लाओ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "बसा बसा! तीन दिवसांत पळत याल. सोफा पसरूनच ठेवतो."

तर असं आम्ही बेनिफारेलला गेलो. समुद्रापासून गाडीने अर्धा तास आत, मध्ये एक टेकडी आडवी. संत्र्यांच्या बागा, एक चर्च, एक पोहण्याचा तलाव, ओनोफ्रेचा एकुलता एक बार, आणि दुपारी दोन ते सहा रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आम्ही भट्टी गल्लीत महिनाभरासाठी घर घेतलं. पावाची भट्टी गल्लीच्या तोंडाशी, म्हणून भट्टी गल्ली.

आसुन आली, पण अट घालून आली. "मला काही समुद्राचं वेड नाही, एवारिस्तो," ती सामान लावता लावता म्हणाली. "पण वेन्सेस्लाओकडे निदान कुणीतरी 'ये गं, बस' म्हणतं. इथे आपलं ओळखीचं चिटपाखरू नाही. मारियामातेच्या सणाला, पंधरा तारखेला, तो येणारच आहे तुझी गंमत बघायला. तोवर या गल्लीत एका तरी माणसाने आपल्याला 'बसा' म्हटलं तर राहू. नाही म्हटलं तर मी त्याच्याच गाडीतून समुद्रावर जाते. तू इथे एकटा बैस."

एका खुर्चीचा तर प्रश्न! मी ताबडतोब कबूल झालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

संध्याकाळी ऊन उतरलं की भट्टी गल्लीत दारं उघडतात आणि खुर्च्या बाहेर येतात. सावलीच्या बाजूला, भिंतीला समांतर, एका ओळीत. टेकडीपलीकडून समुद्राचा वारा नेमका त्या बाजूने येतो, म्हणून सगळे त्याच्याकडे पाठ करून बसतात. मानेला वारा लागतो आणि तोंड मोकळं राहतं. तोंडाला तिथे भरपूर काम असतं. ओळीच्या मधोमध बसायच्या फिलोमेनामावशी. वय ऐंशीच्या पुढे, काळा झगा, हातात पंखा. पंखा मिटला की विषय संपला असं समजायचं.

ओळीत बरोबर त्यांच्या शेजारी एक जागा रिकामी होती. मी आमच्या गाडीतून निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची घडीची खुर्ची आणली, तिच्या हातावर पेला ठेवायला गोल भोकही होतं, आणि "संध्याकाळ छान आहे, नाही?" असं म्हणत त्या रिकाम्या जागी उघडून बसलो.

सगळ्या माना वळल्या. फिलोमेनामावशींनी माझ्या खुर्चीकडे बघितलं.

"ह्याच्यावर बसतात की ह्याच्यावर ऑपरेशन करतात?" त्यांनी विचारलं.

मी हसलो. मी एकटाच हसलो. मग मावशींनी पंखा मिटला, उठल्या, आपली खुर्ची उचलून आत गेल्या. पाठोपाठ एकेक करत सगळी ओळ आत गेली. पाच मिनिटांत अख्ख्या गल्लीत मी, माझी खुर्ची आणि हातावरचं ते गोल भोक एवढेच उरलो. वरच्या खिडकीतून आसुनने हे सगळं पाहिलं आणि पडदा ओढला. बायको बोलली तर उत्तर तरी देता येतं.

दुसऱ्या दिवशी बारमध्ये ओनोफ्रेने मला बाजूला घेतलं. ओनोफ्रेला कुणालाही सल्ला दिल्याशिवाय कॉफी देता येत नाही.

"अहो, तुम्ही बातिस्तेच्या जागेवर बसलात."

"मला काय माहीत! त्याला सांगा, मी माफी मागतो."

"सांगितलं असतं, पण तो सात वर्षांपूर्वी वारला. मावशींचा धाकटा भाऊ. गल्लीत सगळ्यात जास्त हसायचा. त्याची जागा आम्ही तशीच ठेवतो."

मला खरंच वाईट वाटलं. माणूस गेल्यावर त्याच्या कपाटाची वाटणी करायला लोक थांबत नाहीत, आणि इथे रस्त्यावरची दोन वीत जागा राखून ठेवलेली.

"आणि ती पट्ट्यांची खुर्ची जाळून टाका," ओनोफ्रे म्हणाला. "ओळीत बसायचं तर लाकडी, गवताने विणलेली हवी. घरातली वाटली पाहिजे. आणि जुनी."

जुनी खुर्ची नवी विकत घेणं किती अवघड असतं याची कल्पना नसलेल्यांनी हसू नये. शेजारच्या गावातल्या जुन्या सामानाच्या दुकानदाराने मला एक विकली. ती इतकी अस्सल जुनी होती, की एकदा बसल्यावर तिचं गवत माझ्यासकट खाली गेलं. गुडघे छातीशी, पाय हवेत, आणि बाकीचा मी चौकटीत अडकलेला. ओळ समोरच बसलेली होती. मोठ्या मनाने चौघे उठले. दोघांनी खुर्ची धरली, दोघांनी मला. "ओढा, पण बेताने," फिलोमेनामावशी म्हणाल्या, "चौकट चांगल्या लाकडाची आहे." मी मोकळा झालो. पँट झाली नाही. मावशींनी ती मोडकी खुर्ची उलटीसुलटी करून पाहिली आणि "कुणाच्या तरी उपयोगी पडेल" म्हणत स्वतःच्या घरात नेली. माझी विचारपूस कुणी केली नाही.

सण जवळ येत चालला. आसुन रोज भट्टीवर पाव आणायला जायची, दोन शब्द बोलून यायची, पण 'बसा' असं अजून कुणी म्हटलं नव्हतं. ओळीत कुठे जागाही दिसेना. आणि इथे माझ्या हातून ती गोष्ट घडली जी फक्त आमच्या किनाऱ्यावर तयार झालेल्या जावयाच्याच हातून घडू शकते. पहाटे डोळे आपोआप उघडले. अंगवळणी पडलं होतं. मी स्वयंपाकघरातली एक खुर्ची उचलली, दबक्या पावलांनी बाहेर गेलो, ओळीच्या टोकाला वाऱ्याची सुरेख जागा हेरली, खुर्ची ठेवली आणि दोरीने खिडकीच्या गजाला बांधून टाकली. गाठसुद्धा छत्रीचीच मारली. मग घरी येऊन समाधानाने झोपलो. ज्या गोष्टीपासून पळून मी टेकडीआड आलो होतो, ती मी स्वतःच्या हाताने दोरी बांधून केली, हे मला त्या वेळी सुचलंसुद्धा नाही.

सकाळी दार वाजलं. दारात चिमो उभा होता. चिमो म्हणजे बेनिफारेलचं अख्खं पोलीस खातं.

"रस्त्यावर खुर्ची तुमची?"

"माझी."

"सार्वजनिक रस्त्यावर अतिक्रमण."

"अहो, संध्याकाळी अख्खी गल्ली खुर्च्या मांडते!"

"ते बसतात. तुम्ही खुर्ची ठेवलीत." चिमोने टोपी सारखी केली. "खुर्चीवर माणूस असला की ती बैठक. बैठकीला परवाना लागत नाही, बापजाद्यांपासून चालत आली आहे. नुसती खुर्ची असली की अतिक्रमण."

"मग मी पहाटेपासून तिच्यावर बसून राहिलो तर?"

"तर डॉक्टरला बोलवावं लागेल. ते माझं खातं नाही." मग त्याला माझी दया आली असावी. "असं करा, रीतसर परवाना काढा. मग तुम्हाला पोपसुद्धा उठवू शकणार नाही."

हा दुसरा सल्ला. लोकांच्या सल्ल्याने कुणाचं भलं झालेलं मी अजून पाहिलेलं नाही, तरी मी तडक नगरपालिकेत गेलो. माझीही आता जिद्द पेटली होती. सारागोसाच्या विमा कचेरीत मी हेडक्लार्क आहे. कागदाला मी भीत नाही, कागद मला भितात. परवान्यांचा कारकून सुट्टीवर गेला होता. कुठे, ते विचारू नका. समुद्रावर. त्याच्या खिडकीत ऑगस्टापुरती पोहण्याच्या तलावावरची तिकिटं फाडणारी बाई बसवली होती.

"माझ्याकडे तीनच परवाने आहेत," ती म्हणाली. "रस्त्यात बैल सोडायचा, फटाके उडवायचे, नाहीतर बारची टेबलं मांडायची. कुठला देऊ?"

"मला फक्त बसायचं आहे."

"बसायला परवाना नाही लागत."

"मग मला का लागतो?"

तिने जरा विचार केला. "कारण तुम्ही विचारायला आलात," ती म्हणाली.

बैल परवडणार नव्हता. फटाक्यांनी आसुनचं डोकं दुखतं. मी टेबलांचा परवाना घेतला. संध्याकाळपर्यंत चिमो स्वतः रंगाचा डबा घेऊन आला, कारण गावचा रंगारीही तोच, आणि त्याने आमच्या दारासमोर, म्हणजे गल्लीच्या बरोबर उन्हाच्या बाजूला, एक ठसठशीत पिवळी चौकट आखून दिली. नियमाप्रमाणे चौकटीत एक टेबल, एक सावलीची छत्री आणि दरांचा फळा लावणं सक्तीचं होतं. छत्री हा शब्द मी दोनदा वाचला. पण मागे हटायचं नाही म्हणजे नाही. गाडीत वेन्सेस्लाओची ती भेट नाताळापासून तशीच मिटलेली पडली होती. मी ती उघडली. म्हणजे अखेर मी ती छत्री रोवलीच, पण स्वतःच्या नावाच्या परवान्यावर रोवली, हा फरक लक्षात घ्यावा.

फळ्यावर मी मुद्दाम भलभलते दर लिहिले, कुणी फिरकूच नये म्हणून. बर्फावरच्या कॉफीला मी ओनोफ्रेच्या चौपट दर लावला. दुसऱ्या सकाळी किनाऱ्याकडून सायकलवाल्यांचा एक जथा गावात शिरला. अंगाला चिकटलेले रंगीबेरंगी कपडे, घामाने निथळणारे. त्यांनी गल्लीतल्याच ओनोफ्रेच्या बारचा फळा वाचला, माझा वाचला, आणि आपापसात म्हणाले, "इथे काहीतरी खास असणार." आणि बसले. माझ्या चौकटीत, माझ्या छत्रीखाली. एकाने बोटं वाजवून मला हाक मारली. मला! बर्फावरची कॉफी सहा, असं म्हणाला.

मी ताठ मानेने सांगणार होतो की हे माझं घर आहे. पण चिमो कोपऱ्यावर उभा होता, आणि परवाना घेऊन गिऱ्हाइकाला परत पाठवणं हा निराळा गुन्हा आहे म्हणे. मी आत गेलो. आसुनने माझ्या तोंडाकडे बघितलं, बाहेर बघितलं आणि विचारलं, "आता काय केलंस?" आमच्याकडे कॉफीची किटली होती ती दोन माणसांची. तेवढ्यात मागच्या दाराने फिलोमेनामावशी आल्या, हातात त्यांची भलीमोठी किटली.

"घे गं," त्या आसुनला म्हणाल्या. "नवरा खुळा आहे म्हणून तू कशाला तोंडघशी पडायचं?"

हे मी भिंतीआडून ऐकलं. मला लागलं. पण आसुन हसली. बेनिफारेलला आल्यापासून पहिल्यांदा हसली, म्हणून मी गिळलं आणि सहा पेले घेऊन बाहेर गेलो.

दुपारी ओनोफ्रे आला, पंचा खांद्यावर, डोळे लाल. "मी तुम्हाला सल्ले दिले, माणूस म्हणून दिले, आणि तुम्ही माझ्याच पोटावर पाय आणता? ह्या वयात? माझ्या समोर?"

"ओनोफ्रे, आईशपथ, मला धंदा करायचाच नाहीये."

"मग चौपट दर कशाला लावलात?"

याचं खरं उत्तर दिलं असतं तर त्याने मला वेड्यात काढलं असतं, आणि नाही दिलं म्हणून लबाडात काढलं. त्या दिवसापासून त्याच्या बारमध्ये मला बर्फ बंद, कॉफी बंद, सल्लाही बंद. ओळीतही आता सगळे माझ्या चौकटीकडे बघून माना हलवायचे. आगीतून फुफाट्यात, ते हे. सणाच्या आदल्या दिवशी आसुनने पोहण्याचे कपडे बॅगेच्या वरच्या घडीत ठेवले. बॅग उघडीच ठेवली होती, मला दिसावी म्हणून. भांडण तिने केलं नाही. "तू प्रयत्न केलास," एवढंच म्हणाली. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. मला पहिल्यांदाच वाटलं की मी हरलो, आणि हरलो तेही एका खुर्चीपायी.

मारियामातेची मिरवणूक झाली, चर्चपुढे फटाके झाले, आणि संध्याकाळी वेन्सेस्लाओ आला. उन्हाने लालबुंद झालेला, डोक्यावर टोपी, काखेत स्वतःची पट्ट्यांची खुर्ची. गाडीतून उतरल्या उतरल्या त्याला मी दिसलो: उन्हात, पिवळ्या चौकटीत, त्याच्याच छत्रीखाली, दरांच्या फळ्याशेजारी.

"दाजी!" त्याने दोन्ही हात पसरले. "रोवलीत की हो! आणि हॉटेलही काढलंत! आता डावीकडे गेली म्हणायचं की उजवीकडे?"

सगळी ओळ समोर बसलेली. सगळ्यांनी ऐकलं.

"आसुन, बॅग भरली का?" तो वर बघून ओरडला. मग त्याने सावलीची बाजू पाहिली, मानेवर हात फिरवून वारा कुठून येतो ते ताडलं, आणि ओळीतली ती एक रिकामी जागा हेरली. "वा! पहिली रांग रिकामी, आणि आमचे दाजी उन्हात!" फटकन खुर्ची उघडली आणि फिलोमेनामावशींच्या शेजारी बसला. हातावरच्या भोकात त्याने पाण्याची बाटलीही ठेवली.

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मला ते वळणं चांगलंच ओळखीचं होतं. मावशींच्या हातातला पंखा हळूहळू मिटायला लागला.

खरं म्हणजे मी मूग गिळून मजा बघत बसायला हवं होतं. उठली असती ओळ, गेली असती आत, कळलं असतं त्यालाही. पण माझ्या डोळ्यांपुढे बातिस्ते आला, ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या सगळ्या पहाटा आल्या, ओली वाळू, काखेतली छत्री. आणि मला संताप आला. नुसता राग नाही, संताप, कित्येक वर्षांचा साठलेला.

मी चौकट ओलांडून त्याच्यासमोर उभा राहिलो. "ऊठ."

"काय म्हणालात, दाजी?"

"ऊठ, वेन्सेस्लाओ. ही बातिस्तेची जागा आहे."

"कोण बातिस्ते?" त्याने इकडेतिकडे पाहिलं. "आला की उठतो."

"तो वारला."

"मग!" तो हसला. "मग कशाला हवी त्याला खुर्ची?"

"तू तिथे पहाटे जाऊन छत्री रोवलीस तरी ती तुझी होणार नाही, आणि तो सात वर्षं फिरकला नाही तरी ती त्याचीच राहणार," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता आणि तो चढू दिला. "तुझ्यासाठी खूप वर्षं जागा धरल्या मी. ही नाही धरू देणार. ऊठ म्हणतो ना!"

वेन्सेस्लाओने आधारासाठी दाराकडे पाहिलं. आसुन खाली आली होती. "सांग गं तुझ्या नवऱ्याला काहीतरी."

आसुन पुढे आली, तिने त्याच्या खुर्चीच्या भोकातली पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "ऊठ ना, दादा. तो सांगतोय ना."

वेन्सेस्लाओ उठला. खुर्ची मिटताना तिच्यात त्याचं बोट सापडलं, त्याला मी काय करू?

मग एक आवाज झाला. फरशीवर लाकूड घासल्याचा. फिलोमेनामावशींनी बसल्या बसल्या आपली खुर्ची चार विती सरकवली होती. त्यांच्या पलीकडच्याने त्याची सरकवली, त्याच्या पलीकडच्याने त्याची, असं करत करत भट्टीपर्यंत सगळी ओळ करकरत सरकली. बातिस्तेची जागा होती तिथेच राहिली. तिच्या आणि मावशींच्या मध्ये मात्र आणखी दोन खुर्च्यांची जागा झाली.

"आसुन," मावशी म्हणाल्या, "माझ्या दारामागे एक खुर्ची आहे, ती आण. आणि तुमच्या स्वयंपाकघरातली दुसरी आण. बसा दोघं. किती वेळ उभे राहणार आहात, मिरवणूक संपली."

दारामागची खुर्ची म्हणजे माझीच ती मोडकी. तिची चौकट पुसून, नवं गवत घट्ट विणून ठेवलेली होती. मी बसलो. ती तुटली नाही. मानेला वारा लागला. आसुन माझ्या शेजारी बसली, आणि मला रडू येतंय की काय असं वाटून मी उगाच संत्र्यांच्या भावाबद्दल बोलायला लागलो.

समोर वेन्सेस्लाओ खुर्ची काखेत मारून रस्त्याच्या मधोमध उभा होता. चिमो त्याच्यापाशी गेला. "तिथे बसा," त्याने पिवळ्या चौकटीकडे बोट दाखवलं. "तेवढीच जागा परवान्याची आहे. पण काहीतरी घ्यावं लागेल."

मी बारकडे तोंड करून मोठ्याने म्हणालो, "ओनोफ्रे, ती चौकट तुझी. टेबल, छत्री, सगळं. उद्या नगरपालिकेत जाऊन नावावर करून देतो. हे पहिलं गिऱ्हाईक."

ओनोफ्रे दारात उभा राहून बघत होता. त्याने पंचा झटकला, चौकटीत गेला, वेन्सेस्लाओपुढे बर्फावरची कॉफी ठेवली, माझ्या फळ्यावरचा दर बोटाने दाखवला आणि वर एक सल्लाही दिला: "छत्री जरा डावीकडे गेलीय. ऊन तोंडावर येईल तुमच्या."

ते आलं.

त्या रात्री वेन्सेस्लाओला घरी परतता आलं नाही, कारण ओनोफ्रेने कॉफीनंतर त्याला गावची दारूही पाजली होती, तीही फळ्यावरच्या दराने. आम्ही त्याची सोय दिवाणखान्यातल्या सोफ्यावर केली. त्या सोफ्यालाही मधोमध दांडी आहे. मी त्याला तसं सांगितलं नाही. आसुनने बॅगेतले पोहण्याचे कपडे काढून परत कपाटात टाकले आणि म्हणाली, "उद्या मावशी मला गवत विणायला शिकवणार आहेत." एवढं बोलून दिवा मालवला.

पहाटे सवयीने माझे डोळे उघडले. बाहेर कसलासा आवाज येत होता. मी खिडकीची झडप जराशी उघडली. खाली गल्लीत वेन्सेस्लाओ होता, झोपायच्या कपड्यांत, केस विस्कटलेले. ओळीच्या जागी, वाऱ्याच्या बाजूला, त्याने आपली पट्ट्यांची खुर्ची उघडून ठेवली होती आणि गुडघे टेकून ती दोरीने खिडकीच्या गजाला बांधत होता. त्याला गाठ जमत नव्हती. कशी जमेल, आयुष्यात कधी मारली नव्हती. कोपऱ्यावरून टोपी सारखी करत चिमो येत होता.

मी झडप लावून घेतली आणि परत जाऊन झोपलो.